वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : सर्किट आधी पडद्यावर

या वेळी सर्किट सिम्युलेशनच्या, म्हणजे सर्किट प्रत्यक्ष न जोडता संगणकावर चालवून पाहण्याच्या, सॉफ्टवेअरबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. आज्ञा आणि चिन्हे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची आहेत.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा आहे. सिम्युलेशन शिकायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? मैत्रिणी चार वेगवेगळी नावे सांगतात. (विद्यार्थिनी, जळगाव)

नावे चार असली तरी बहुतेकांच्या पोटात इंजिन एकाच घराण्याचे आहे. ‘स्पाइस’ हा प्रोग्रॅम १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत लॉरेन्स नेगल यांनी प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केला आणि विद्यापीठाने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. आजची एलटीस्पाइस, एनजीस्पाइस ही त्याचीच वंशावळ. त्यामुळे एक नीट शिकलात की दुसऱ्यावर जायला आठवडासुद्धा लागत नाही.

आमचा सल्ला असा. पहिले दोन-तीन दिवस ब्राउझरमध्ये चालणारे फालस्टॅडचे सिम्युलेटर उघडा. त्यात तारांमधून प्रवाहाचे ठिपके सरकताना दिसतात, कपॅसिटर भरताना ठिपके मंदावतात. ओहमचा नियम डोळ्यांत बसायला याहून चांगली सोय नाही. पण त्यातले आकडे अंतिम मानू नका. त्यानंतर थेट एलटीस्पाइस घ्या. ते फुकट आहे, भागांच्या संख्येवर मर्यादा नाही आणि ४ जीबी रॅमवर कुरकुर न करता चालते. विंडोज आणि मॅक दोन्हींवर मिळते. लिनक्स असेल तर कीकॅड घ्या, त्यात एनजीस्पाइस बसवलेलेच असते. किंवा आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने कीकॅड आणि एनजीस्पाइस जोडून तयार केलेले ईसिम घ्या. तेही मुक्त आहे. आर्डुइनोचा प्रोग्रॅम सर्किटसकट चालवून पाहायचा असेल तेवढ्यापुरते टिंकरकॅड वापरा, ॲनालॉग अभ्यासासाठी नको.

आणि एक आग्रह : सहा महिने सॉफ्टवेअर बदलू नका.

प्रश्न : ५ व्होल्टचा सोर्स, १ के रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. चार्जिंगचा वक्र दिसायला हवा होता, पण ५ व्होल्टवर सरळ आडवी रेघ आली. सॉफ्टवेअर बिघडले आहे का? (वाचक, मडगाव)

बिघडलेले नाही. जवळजवळ प्रत्येकाची पहिली अडचण हीच असते. ट्रान्झियंट विश्लेषण, म्हणजे वेळेनुसार व्होल्टेज कसे बदलते ते काढणे, सुरू करण्यापूर्वी स्पाइस आधी डीसी स्थिरबिंदू काढते. म्हणजे सर्किट अनंत काळापासून चालू आहे असे धरून सगळी व्होल्टेजेस ठरवते. तुमचा ५ व्होल्टचा सोर्स कायमच चालू होता असे ते समजते, म्हणून शून्य सेकंदाला कपॅसिटर भरलेलाच असतो. स्विच दाबण्याची घटना तुम्ही त्याला सांगितलेलीच नाही.

एलटीस्पाइसमध्ये ती सांगण्याचे उपाय तीन. सोर्सवर उजवे क्लिक करून ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘पल्स’ निवडा : सुरुवात ०, शिखर ५, विलंब ०, चढ १ यू, उतार १ यू, चालू १० एम, आवर्तन २० एम (यू म्हणजे मायक्रो, एम म्हणजे मिली). चढ-उताराच्या जागी शून्य लिहू नका. शून्य दिसले की सॉफ्टवेअर स्वतःच्या हिशेबाने भलताच सावकाश चढ घेते आणि वक्र तिरपा होतो. दुसरा उपाय म्हणजे ट्रान्झियंटच्या चौकटीत ‘बाहेरील डीसी सोर्स शून्यापासून सुरू करा’ अशा अर्थाची खूण असते, ती करा. मग सोर्स पहिल्या २० मायक्रोसेकंदांत चढतो. तिसरा, आरंभीचा स्थिरबिंदू वगळण्याची खूण. ही तिसरी खूण नवख्याने जपून वापरावी, कारण मोठ्या सर्किटमध्ये तिने भलत्याच स्थितीपासून सुरुवात होते.

आता चालवून १ मिलिसेकंदावर कर्सर ठेवा. ३.१६ व्होल्ट, म्हणजे ५ चे ६३.२ टक्के दिसले पाहिजेत. ५ मिलिसेकंदांवर ४.९७. हे आकडे जुळले की पुढे जा. नाही जुळले तर किंमत चुकली आहे. उत्तर आधी कागदावर काढून मगच ‘रन’ दाबायचे, ही सवय पहिल्याच सर्किटपासून लावून घ्या. नाहीतर चुकीचा आलेखही बरोबरच वाटतो.

प्रश्न : प्रशिक्षणार्थ्यांना ब्रिज रेक्टिफायरचा (चार डायोडांनी एसीचे डीसी करणारा) १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय दाखवायचा आहे. एका वेळी प्रवाह शेकडो ॲम्पिअर येतो, दुसऱ्या वेळी ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ असे म्हणून गाडी थांबते. कधी ‘सिंगुलर मॅट्रिक्स’. क्रमाने सांगावे. (शिल्प निदेशक, आयटीआय, सोलापूर)

यातल्या पहिल्या आणि शेवटच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते : ग्राउंडचे चिन्ह.

स्पाइसला प्रत्येक सर्किटमध्ये एक तरी ग्राउंड लागतेच, कारण बाकी सगळी व्होल्टेजेस तो त्या बिंदूपासून मोजतो. ते अजिबात नसेल, किंवा एखादा बिंदू फक्त कपॅसिटरनेच इतरांशी जोडलेला असेल, तर त्या बिंदूचे व्होल्टेज काय हे ठरवायला समीकरणच उरत नाही. ‘सिंगुलर मॅट्रिक्स’ म्हणजे तेच. पण ग्राउंड जास्त झाले तरी पंचाईत. अनेक जण ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या एका टोकाला एक आणि ब्रिजच्या ऋण टोकाला दुसरे ग्राउंड लावतात. ग्राउंड कुठेही काढले तरी ते सगळे एकच तार असते. त्यामुळे ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट होतो आणि उलट अर्धचक्रात त्याच्या शेजारचा डायोड थेट सोर्सवर आडवा येतो. तुमचे शेकडो ॲम्पिअर तिथून आले. ग्राउंड फक्त ब्रिजच्या ऋण टोकाला, म्हणजे आउटपुटच्या ऋण रेषेवर ठेवा. सेकंडरी तरंगती राहू द्या.

आता क्रमाने. सुरुवातीला ट्रान्सफॉर्मर काढूच नका. सेकंडरीच्या जागी एक व्होल्टेज सोर्स ठेवा, ‘साइन’ प्रकार, ऑफसेट ०, ॲम्प्लिट्यूड १७, वारंवारता ५०. येथे १२ लिहिणे ही दुसरी नेहमीची चूक. ॲम्प्लिट्यूड म्हणजे शिखरमूल्य, १२ व्होल्ट आरएमएसचे शिखर १७. सोर्सच्या मालिकेत १ ओहमचा रेझिस्टर घाला. १२ व्होल्ट १ ॲम्पिअरच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचा एकूण रोध साधारण एवढाच किंवा थोडा जास्त भरतो. ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ची तक्रारही बहुधा याच रेझिस्टरने जाते, कारण शून्य रोधाचा सोर्स आणि आदर्श डायोड यांच्यात प्रवाह क्षणात उसळतो आणि इंजिन वेळेचे तुकडे बारीक करत करत दमते. पुष्कळ जण अशा वेळी आधी सेटिंगमधली अचूकता सैल करतात. तो रोगाऐवजी थर्मामीटर बदलण्याचा प्रकार आहे. आधी सर्किटमध्ये खरा रोध घाला.

चार डायोड ठेवलेत तर त्यांना मॉडेल द्या. कोरे सोडलेत तर डीफॉल्ट डायोड मिळतो, त्यात मालिका रोध शून्य असतो. यादीत १एन४००७ सापडला नाही तर ‘डॉट मॉडेल’ची ओळ स्वतः लिहा. प्रकार डी, त्यात आयएस ७.०३ एन, एन १.८, आरएस ०.०३४, सीजेओ १० पी, बीव्ही १००० (आकड्यामागचा एन म्हणजे नॅनो, पी म्हणजे पिको). या मॉडेलवर १ ॲम्पिअरला डायोडवर सुमारे ०.९ व्होल्ट पडतात, खऱ्या डायोडशी ते पटते.

आउटपुटला १००० यू कपॅसिटर आणि १५० ओहमचा लोड. ट्रान्झियंटची थांबण्याची वेळ २०० एम, कमाल टाइमस्टेप १० यू. कमाल टाइमस्टेप कोरा ठेवला की शिखरे कापल्यासारखी, कोनाकोनाची दिसतात.

कागदावरचा अंदाज : लोड सुमारे ०.१ ॲम्पिअर. लहर, म्हणजे आउटपुटमधला चढउतार, जास्तीत जास्त प्रवाह भागिले १०० हर्ट्झ भागिले कपॅसिटर, म्हणजे १ व्होल्ट. हा अंदाज वरचा आहे, कारण कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नाही. सिम्युलेशनमध्ये लहर पाऊण व्होल्टच्या जवळपास आणि आउटपुट साडेचौदाच्या आसपास दिसेल. मुलांना आवर्जून दाखवावे ते पुढे आहे. डायोडवर माउस नेऊन त्याचा प्रवाह पाहा. लोड ०.१ ॲम्पिअर घेत असताना डायोडमधून पाऊण ॲम्पिअरच्या घरातले टोकदार झटके जातात, कारण कपॅसिटर प्रत्येक अर्धचक्रात जेमतेम दोन मिलिसेकंद भरला जातो. आणि अगदी पहिल्या झटक्याला प्रवाह चार ॲम्पिअरच्या घरात असतो. साध्या मल्टिमीटरवर यातले काहीच दिसत नाही. फळ्यावर चित्र काढून ते पटतही नाही. सिम्युलेशनचा खरा उपयोग इथे कळतो.

आता पुढचा प्रश्न मुलांना घाला : यापुढे ७८१२ हा स्थिर १२ व्होल्ट देणारा रेग्युलेटर लावला तर चालेल का? त्याला इनपुट आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त, म्हणजे १४ लागते. आपल्या लहरीचा तळ १४ च्या अगदी कडेला आहे. त्यात वीजपुरवठा २३० ऐवजी २०० व्होल्टवर आला तर काय? ॲम्प्लिट्यूडच्या जागी महिरपी कंसात ‘व्हीपी’ लिहा आणि पानावर ‘डॉट स्टेप पॅरम व्हीपी लिस्ट १४.८ १७ १८.७’ ही आज्ञा ठेवा. हे तीन आकडे म्हणजे २००, २३० आणि २५३ व्होल्ट पुरवठा. तिन्ही आलेख एकावर एक येतील. २०० व्होल्टला तळ १२ पर्यंत खाली येतो, म्हणजे रेग्युलेटर हात टेकतो आणि त्यावर चालणारा ॲम्प्लिफायर घुमू लागतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरले की रेडिओ का घुमतो, त्याचे उत्तर बऱ्याचदा हेच असते. अशा जागी १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि कपॅसिटर २५ ऐवजी ३५ व्होल्टचा. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर छापील आकड्यापेक्षा बरेच जास्त देतो, हे आपल्या १ ओहमच्या साध्या नमुन्यात पूर्ण उतरत नाही.

ऑल्ट कळ दाबून एखाद्या भागावर क्लिक केले की त्यात जिरणारे वॅट आलेखात येतात. आलेखाच्या नावावर कंट्रोल धरून क्लिक केले की पडद्यावर दिसणाऱ्या भागाची सरासरी मिळते. पहिले १०० मिलिसेकंद वगळून, झूम करून मगच ही सरासरी घ्या, नाहीतर सुरुवातीचा झटकाही त्यात मिसळतो.

प्रश्न : बीसी५४७ चे दोन ट्रान्झिस्टर घेऊन फ्लिपफ्लॉपसारखा लुकलुकणारा मल्टिव्हायब्रेटर काढला. ब्रेडबोर्डवर चालतो, सिम्युलेशनमध्ये काहीच हलत नाही. (अभियांत्रिकी, तिसरे वर्ष, अमरावती)

ब्रेडबोर्डवरचे दोन ट्रान्झिस्टर कधीच जुळे नसतात. पडद्यावरचे मात्र अगदी तंतोतंत सारखे असतात. त्यामुळे दोघेही अर्धवट चालू अशा तोलावर सर्किट बसून राहते आणि तो तोल मोडायला खऱ्या जगातला गोंगाट तिथे नसतो. एका बेसचा रेझिस्टर ४७ के ऐवजी ४६ के करा आणि पुरवठा शून्यापासून चढवण्याची खूण करा. किंवा ‘डॉट आयसी’ या आरंभीची स्थिती सांगणाऱ्या आज्ञेने एका कलेक्टरला सुरुवातीला ० व्होल्ट द्या.

वेळ किती दिली तेही पाहा. ४७ के आणि १० मायक्रोफॅरडला एक बाजू ०.६९ गुणिले आरसी, म्हणजे सुमारे ०.३२ सेकंद टिकते. पूर्ण आवर्तन ०.६५ सेकंद. थांबण्याची वेळ १० मिलिसेकंद ठेवली असेल तर काय हलणार? ५ सेकंद द्या.

तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगायला हवे. कलेक्टरला १ के आणि पुरवठा ९ व्होल्ट असेल तर बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस क्षणभर उणे ८ व्होल्टपर्यंत खाली ढकलला जातो. बीसी५४७ च्या बेस-एमिटर जोडाची उलट मर्यादा ६ व्होल्ट आहे. ती ओलांडली की खरा जोड झेनरसारखा वाहू लागतो, वारंवारता वाढते आणि हळूहळू ट्रान्झिस्टरचा गेन उतरतो. स्पाइसच्या नेहमीच्या ट्रान्झिस्टर मॉडेलमध्ये ही मर्यादाच नाही. १२ काय, ४० व्होल्ट दिलेत तरी पडद्यावर आलेख देखणाच येईल. म्हणून डेटाशीटमधली कमाल मूल्ये शेजारी ठेवून आलेखाची टोके स्वतः तपासायची. इथला उपाय सोपा आहे : पुरवठा ५ व्होल्ट करा, किंवा प्रत्येक बेसच्या मालिकेत एक १एन४१४८ घाला.

प्रश्न : एलईडी बल्ब दुरुस्त करतो. त्यातला कपॅसिटरवाला सप्लाय सिम्युलेट केला : ०.४७ मायक्रोफॅरड, त्यावर समांतर १ मेगाओहम, मालिकेत १०० ओहम, पुढे ब्रिज आणि २४ एलईडी. हिशेबाने ३० मिलिॲम्पिअर यायला हवे, पडद्यावर अडीच ॲम्पिअर दिसतात! (वाचक, इचलकरंजी)

तुमचा हिशेब बरोबर आहे. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ०.४७ मायक्रोफॅरडमधून सुमारे ३४ मिलिॲम्पिअर आरएमएस, ब्रिजनंतर सरासरी तीसच्या आसपास, एलईडींचे व्होल्टेज वजा जाता आणखी थोडे कमी. घोटाळा मेगाओहममध्ये आहे. स्पाइस मोठे ‘एम’ आणि लहान ‘एम’ यांत फरक करत नाही, दोन्ही म्हणजे मिली. तुम्ही ‘१ एम’ लिहिले आणि कपॅसिटरवर १ मिलिओहमची तारच बसली. मेगासाठी ‘मेग’ अशी तीन अक्षरे लिहावी लागतात. कपॅसिटरच्या किमतीपुढे ‘एफ’ लावण्याची सवयही सोडा. ‘१ एफ’ म्हणजे १ फॅरड नव्हे, १ फेम्टोफॅरड. आणि आकडा व प्रत्यय यांच्यामध्ये जागा सोडू नका.

सोर्सचे ॲम्प्लिट्यूड ३२५ ठेवले आहे ना, तेही पाहा. स्विच नेमका शिखरावर पडला तर काय होते हे पाहायचे असेल तर फेज ९० अंश द्या आणि आरंभीचा स्थिरबिंदू वगळा. तो वगळला नाही तर कपॅसिटर आधीच भरलेला धरला जाईल आणि झटका दिसणारच नाही. १०० ओहममधून क्षणभर अडीच ॲम्पिअरच्या आसपास येतील. म्हणूनच तो रेझिस्टर साधा कार्बनचा न घेता फ्युझिबल किंवा वायरवाउंड घ्यावा, आणि कपॅसिटर एक्स२ दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीचा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पडद्यावर तुम्ही ब्रिजच्या ऋण टोकाला ग्राउंडचे चिन्ह लावले आहे आणि तिथे शून्य व्होल्ट दिसतात. तुमच्या टेबलावर तोच बिंदू जिवंत आहे. या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे एलईडीच्या दोन्ही टोकांना मेनचा झटका बसतो. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावलीत तर अर्थिंगमधून शॉर्ट होऊन डायोड फुटतील, क्लिप जळेल. या वर्गातली सर्किटे पडद्यावर हवी तितकी चालवा. टेबलावर मात्र प्लग काढून, कपॅसिटर उतरल्याची मल्टिमीटरने खात्री करून मगच हात लावा.

प्रश्न : ऑपॲम्प ठेवला की ‘अननोन सबसर्किट’ अशी चूक येते. नेटवरून आणलेले मॉडेल लावले तर चूक जाते, पण आउटपुट वेडेवाकडे येते. (वाचक, ठाणे)

एलटीस्पाइसमधल्या साध्या ‘ऑपॅम्प’ चिन्हाला ‘डॉट लिब ऑपॅम्प डॉट सब’ ही ओळ पानावर लागते, तिच्याविना ते पोकळ असते. हे मॉडेल आदर्श आहे, त्याला पुरवठ्याच्या पिना नाहीत, म्हणून त्याचे आउटपुट शंभर व्होल्टही दाखवेल. पुरवठ्याच्या मर्यादा पाहायच्या तर ‘युनिव्हर्सल ऑपॅम्प’ घ्या.

बाहेरून आणलेल्या मॉडेलची फाइल सर्किटच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून ‘डॉट सबसर्किट’ने सुरू होणारी ओळ वाचा. नावापुढे पिनांचा क्रम असतो : बहुधा धन इनपुट, ऋण इनपुट, धन पुरवठा, ऋण पुरवठा, आउटपुट. पण प्रत्येक उत्पादक हाच क्रम पाळतो असे नाही. तुमच्या चिन्हातला क्रम वेगळा असेल तर सॉफ्टवेअर मुकाट्याने आउटपुट पुरवठ्याला जोडते, चूक दाखवत नाही. चिन्ह उघडून प्रत्येक पिनेचा नेटलिस्ट (जोडण्यांची यादी) क्रमांक या ओळीशी जुळवून घ्या. मग गेन १ चा बफर करून १ व्होल्टची साइन आत द्या. तीच बाहेर आली तर मॉडेल नीट बसले.